रेलिंग आणि जाळी : मॉडेलमध्ये काढायची किती, आणि कशी?

टी_स्क्वेअर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात छोटं ऑफिस आहे. तीन माणसं आणि एक प्लॉटर, त्यातला प्लॉटर आजारी. शाहूपुरीतल्या एका बंगल्याचं काम चालू आहे. अख्खा बंगला रेव्हिटमध्ये, म्हणजे थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन आठवड्यांत उभा राहिला. जिन्याचं रेलिंग आणि पश्चिमेच्या गॅलरीची जाळी एवढंच उरलं होतं, त्यानं तीन आठवडे खाल्ले.

दुखणी दोन आहेत. पहिलं, जिना. साधा डॉग-लेग्ड, अर्ध्यात लँडिंग आणि उलटा फिरून वर. लँडिंगवर रेलिंग वळतं तिथं टॉप रेल एकदम उडी मारतं आणि मध्ये एक उभा तुकडा येतो. टाइप बदलून पाहिला, स्केच पुसून परत काढलं, तेच. थ्रीडीत क्लायंटनं नेमकं तिथंच बोट ठेवलं, "हे असं का?" मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे.

दुसरं, जाळी. गॅलरी ७.२ मीटर लांब. त्यात ९०० बाय २१०० ची आठ पॅनल, लेझर कट, गोल भोकांची. भोक ६० मिमी, मध्यापासून मध्य ८० मिमी. मी इमानेइतबारे प्रत्येक भोक काढलं. ६० एमबीची फाइल ३८० वर गेली. आता पश्चिमेचं एलिव्हेशन उघडायला टाकते आणि चहा करून येते.

सर म्हणतात, "रेलिंग टूडीत दाखव आणि सोड. वेल्डिंगवाला शेवटी त्याच्या मनानंच करणार." मला पटत नाही, पण त्यांना तोंडावर द्यायला उत्तरही नाही. तुम्ही लोक किती खोलात जाता?

भडंगप्रेमी (सोमवार, रात्री ९.५२)

भडंग घेऊन बसलोय. येऊ द्या.

लेयर_झिरो (सोमवार, रात्री १०.१५)

तुमच्या सरांशी सहमत. सांगलीत सव्वीस वर्षं ऑटोकॅडवर ड्रॉइंग करतोय. रेलिंगचं एक एलिव्हेशन, एक सेक्शन, बेस प्लेटचा एक डिटेल, संपला विषय. गज लावायचे तर पॉलीलाइन काढा, डिव्हाइड कमांडनं ब्लॉक टाका, दोन मिनिटं.

तिसरं_वर्ष (सोमवार, रात्री १०.२१)

काका, डिव्हाइडला २० आकडा दिला की १९ च ब्लॉक येतात ना? सबमिशनच्या आदल्या रात्री मी हे तीनदा मोजलं होतं.

लेयर_झिरो (सोमवार, रात्री १०.२४)

वीस भाग करायला एकोणीस रेघा लागतात बाळा. भाकरीचे चार तुकडे करताना लक्षात येतं, सबमिशनच्या रात्री येत नाही.

कोयनाकाठ (सोमवार, रात्री ११.०५)

मूळचा कराडचा, सध्या पुण्यात बिम मॉडेलिंगच करतो, म्हणजे इमारतींची थ्रीडी मॉडेलं. ताई, तुमचं पहिलं दुखणं सॉफ्टवेअरचं नाही. क्लायंटला परत भेटाल तेव्हा सांभाळून बोला.

वरची आणि खालची, दोन्ही फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग रांगा) लँडिंगच्या एकाच कडेला संपतात आणि सुरू होतात, असं काढलंय ना? म्हणजे प्लॅनमध्ये शेवटची चढती पायरी आणि पुढची पहिली पायरी एका रेषेत. मग त्या रेषेवर खालच्या फ्लाइटचं रेलिंग लँडिंगच्या उंचीनं येतं आणि वरच्या फ्लाइटचं एका पायरीनं जास्त उंचीवरून सुरू होतं. पायरी १५० ची असेल तर १५० मिमीची उडी येणारच. रेव्हिट बिचारं तो फरक उभ्या तुकड्यानं जोडतं. अँगल्ड जॉइनमध्ये 'नो कनेक्टर' निवडलंत तर तुकडा जाईल आणि फट दिसेल. उडी तिथंच राहील.

उपाय दोन. एक, वरच्या फ्लाइटची पहिली पायरी लँडिंगपासून एका घरानं मागं सरकवा, म्हणजे एका ट्रेडएवढी (पायरीची पाय ठेवायची रुंदी). मग दोन्ही उतार वळणावर एकाच उंचीला भेटतात. दोन, पायऱ्या तशाच ठेवा आणि दोन्ही रेलिंग उताराच्याच रेषेत अर्धा ट्रेड लँडिंगवर पुढं न्या, तिथं वळवा. खालचं अर्धी पायरी चढलेलं असतं, वरचं अर्धी पायरी उतरलेलं असतं, गाठ पडते. दुसऱ्या उपायात लँडिंगची चालायची जागा तेवढी खाल्ली जाते, हे मात्र बघा.

रेव्हिटमध्ये दुसरा उपाय करायचा तर स्केचमध्ये लँडिंगवरच्या त्या अर्ध्या ट्रेडच्या रेघा वेगळ्या तोडा आणि त्यांचा उतार 'बाय होस्ट' (जिन्याप्रमाणं) न ठेवता 'स्लोप्ड' करा. आडवा वळणाचा तुकडा 'फ्लॅट'. स्केच एकच सलग साखळी हवी, फांद्या चालत नाहीत.

टी_स्क्वेअर (सोमवार, रात्री ११.२०)

अरे देवा. म्हणजे जिनाच चुकलाय. आणि मी आठ दिवस रेलिंगला शिव्या घालत होते.

सूतभर (मंगळवार, सकाळी ७.१०)

ताई, राग मानू नका. कुपवाडात माझं फॅब्रिकेशनचं शेड हाय. हे घर मागं घ्यायचं काम आमचा म्हातारा मिस्त्री डोळे झाकून करायचा. "फिरताना एक घर मागं" एवढंच बोलायचा, का म्हणून विचारलं की थोबाडात द्यायचा. आता ड्रॉइंग येतं त्यात दोन्ही पायऱ्या एका रेषेत. सेंट्रिंगवाला तसंच करतो, स्लॅब पडतो, मग आम्हाला बोलावतात. आम्ही जाऊन बघतो तर पाइप जुळंना. मग आम्हीच तिथं हंसाच्या मानंसारखं वाकडं काहीतरी करून देतो आणि मालक म्हणतो, वेल्डिंगवाल्यानं वाट लावली.

तेव्हा तुमचे सर म्हणतात ते खरं हाय, आम्ही मनानंच करतो. ड्रॉइंगमध्ये काहीच नसलं तर दुसरं करणार काय?

भडंगप्रेमी (मंगळवार, सकाळी ७.४५)

पहिला भडंगाचा पुडा इथंच संपला.

लेयर_झिरो (मंगळवार, सकाळी ९.३०)

सूतभर, मुद्दा मान्य. पण माझ्या सेक्शनमध्येही ते दिसतंच. थ्रीडीच पाहिजे असं कुठाय?

कोयनाकाठ (मंगळवार, सकाळी १०.०२)

दिसतं, सेक्शन नेमका वळणावर कापला तर. बहुतेक जण फ्लाइटच्या मधून कापतात आणि वळण पलीकडं राहतं. थ्रीडीत लपवायला जागा नसते, एवढंच माझं म्हणणं.

वाईचा_कातारी (मंगळवार, दुपारी १.१५)

थोडं अवांतर. वाईकडच्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत लाकडी कामं करतो. जुन्या माडीच्या जिन्यांना बरेचदा कठडाच नसायचा, भिंतीत दडलेला अरुंद जिना आणि धरायला दोर. वळणाचा प्रश्नच उद्भवत नाही. कठडा असायचा तो सज्जाला आणि चौकाकडच्या बाजूला, कातीव दांड्यांचा.

एका वाड्याच्या कामात एका आर्किटेक्टनं मला स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दाखवलं. दांडी बरोब्बर काढली होती, प्रोफाइल काढून 'फॉलो मी' टूल फिरवलं की झालं. पण सगळ्या दांड्या हुबेहूब सारख्या. जागेवर चौसष्ट दांड्या होत्या आणि एकीचं तोंड दुसरीला मिळत नव्हतं. हातानं कातलेल्या, दर दहा-बाराला कातारी बदललेला असावा असं कळायचं. नवीन सतरा दांड्या करायच्या होत्या. त्या मॉडेलवरून केल्या असत्या तर तोंडात बसवलेल्या नव्या दातांसारख्या दिसल्या असत्या. शेवटी मी शेजारच्या दोन-दोन दांड्यांवरून पुठ्ठ्याचे फर्मे काढले. मॉडेलचा उपयोग झाला तो मोजणीला आणि अंदाजपत्रकाला. तेवढ्यासाठी सतरा साध्या नळकांड्या काढल्या असत्या तरी चाललं असतं.

तिसरं_वर्ष (मंगळवार, दुपारी १.४०)

हे भारी आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात स्टडी टूरला गेलो होतो तेव्हा आम्ही एकच दांडी मोजून बाकी कॉपी-पेस्ट केल्या होत्या. सरांना सांगू नका.

मिरजकर_परदेशी (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

मिरजेची, पंधरा वर्षं अमेरिकेत, एका आर्किटेक्चर फर्ममध्ये. आमच्याकडं रेलिंग मॉडेल करायला लावतात त्याचं कारण सौंदर्य नाही, चेंडू. आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत म्हटलंय की गार्डमधून, म्हणजे कठड्यातून, ४ इंचाचा चेंडू आरपार जाता कामा नये. म्हणजे लहान बाळाचं डोकं. घरं सोडून इतर इमारतींत गार्डची उंची बहुधा ४२ इंच. इन्स्पेक्टर खरंच ४ इंचाचा गोळा खिशात घेऊन फिरतो. जिन्याची सरळ बाजू सगळे तपासतात, नापास होतात ती कोपऱ्यात, खांब आणि शेवटच्या गजाच्या मधल्या फटीत.

म्हणून ताई, रेव्हिटच्या 'स्प्रेड पॅटर्न टू फिट' वर आंधळा विश्वास नको. ते गज समान पसरवतं, पण तुम्ही दिलेलं अंतर पाळत नाही. १०० चं सांगितलं आणि तुकडा अडनिड्या लांबीचा निघाला तर अंतर वाढूही शकतं.

लेयर_झिरो (मंगळवार, रात्री ८.०५)

मग हिशेब हातानं करा, त्याला सॉफ्टवेअर कशाला. दोन खांबांमधलं मोकळं अंतर २४००, गज १२ चा, फट १०० च्या आत. २४०० मधून १०० वजा, भागिले ११२, येतं २०.५. म्हणजे २१ गज. आता २१ गुणिले १२ म्हणजे २५२. राहिले २१४८, भागिले २२ फटी. फट ९७.६ मिमी. गज मध्य ते मध्य १०९.६. गजांपेक्षा फट एकानं जास्त, हे विसरलं की सगळं बिघडतं.

सूतभर (मंगळवार, रात्री ८.२०)

काका बरोबर. आम्ही हाच हिशेब लाकडी पट्टीवर करतो. पट्टीला फटीएवढं माप कापायचं आणि गज टेकवत टॅक मारत जायचं. शेवटच्या दोन फटींत सूतभर इकडं-तिकडं होतं ते ग्राइंडरनं झाकतं.

वजनाचंपण बघा. १२ चा चौकोनी भरीव गज, आमच्या भाषेत चार सुती, मीटरला १.१३ किलो. ८५० उंचीचे २१ गज म्हणजे एका खणाला २० किलोच्या वर. तीन सुती, म्हणजे १० चा घेतला तर मीटरला ०.७८५ किलो, तेच २१ गज १४ किलोत बसतात. खणाला सहा किलो वाचले म्हणून मालक खूश. पण मधी पट्टी नसली तर तीन सुतीचा गज पोरं हातानं वाकवत्यात, हे ड्रॉइंगवर कुणी लिहीत न्हाई.

पूररेषा (मंगळवार, रात्री ९.१०)

मी आर्किटेक्ट नाही, घरमालक. सांगलीत गावभागात घर. या विषयावर बोलायचा हक्क मला पाण्यानं दिलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. त्याआधी तीन वर्षांपूर्वी व्हरांड्याला हौसेनं बारीक नक्षीची जाळी लावली होती, पोकळ चौकोनी पाइपांच्या फ्रेममध्ये. ज्यांनी डिझाइन केलं त्यांनी सुंदर थ्रीडी दाखवलं होतं, त्यात व्हरांड्यात एक परदेशी बाई कॉफी पीत बसली होती. पाणी ओसरल्यावर प्रत्येक भोकात गाळ, कडबा, प्लास्टिक. काठीनं टोकरून काढायला चार दिवस. आणि खरी मजा दीड वर्षानं. पोकळ पाइपांत पाणी शिरलं होतं, बाहेर पडायला भोक नव्हतं, आतून गंज खात गेला. रंग वरून चकचकीत आणि एके दिवशी हात टेकला तर पाइप बिस्किटासारखा.

मागच्या दारी आजोबांच्या काळचं भरीव गजांचं ग्रिल होतं. त्याला काही झालं नाही. खरवडून रंग मारला, आजही तसंच आहे.

सूतभर (मंगळवार, रात्री ९.२५)

दादा, पोकळ पाइपला खालच्या अंगाला ६ मिमीचं भोक मारायला एक मिनिट लागतं. आणि खालची पट्टी फरशीपासनं दोन इंच वर पाहिजे, मग गाळ पाइपनं धुऊन निघतो. ज्यांनी केलं त्यांनी कंटाळा केला.

टी_स्क्वेअर (मंगळवार, रात्री ९.५०)

हे दोन्ही आत्ताच डिटेलमध्ये टाकले. शाहूपुरीत पूर नाही, पण आमचा पाऊस आडवा येतो.

कुणी जाळीकडं वळेल का?

भडंगप्रेमी (मंगळवार, रात्री ९.५५)

माझ्या मेहुण्याच्या गेटची गोष्ट सांगतो. बंगल्याचं नाव 'वैभव'. पत्र्यात अक्षरं आरपार कापायची ठरलं. एकानं कोरल ड्रॉमध्ये छान फॉण्ट निवडून फाइल पाठवली. कापून आलं तर दोन्ही 'व'ची पोटं गळून पडलेली. बंद गोल ना, त्याला धरायला काहीच नाही! आता गेटवर दोन काळी भगदाडं आहेत आणि पोस्टमन त्याला काहीही म्हणतो.

सूतभर (मंगळवार, रात्री १०.०१)

आमच्याकडं एक 'ॐ' असाच गळाला होता. त्या माणसानं खाली पडलेले तुकडे देवघरात नेऊन ठेवले.

पोटाला दोन बाजूनं ४-५ मिमीचे टाके ठेवायचे, स्टेन्सिलसारखे. जाळीतपण तेच. नक्षीत बेट राहिलं की ते खाली पडणार.

कोयनाकाठ (मंगळवार, रात्री १०.४०)

जाळीचं. भोकं मॉडेलमध्ये ठेवायची, पण सगळीकडं दिसू द्यायची नाहीत. एकच पॅनल फॅमिली, म्हणजे परत परत वापरायचा रेव्हिटचा घटक, करा. तिच्यात कोर्स (ढोबळ) आणि मीडियम डिटेल लेव्हलला नुसती सपाट प्लेट, फाइनला भोकांची प्लेट. नेहमीचे व्ह्यू कोर्सवर ठेवा, भोकं फक्त डिटेल शीटवर आणि रेंडरला. भोकंही एकेक न काढता एका एक्सट्रूजनच्या स्केचमध्येच बसवा. तुम्ही बहुधा प्रत्येक भोकाला वेगळा व्हॉइड (पोकळी कापणारा आकार) वापरलाय, फाइल त्यानंच मेली.

पॅनल लावायला रेलिंग टूलही चालतं, बॅलस्टर-पॅनल टेम्प्लेटमध्ये जाळी करून. लोक कुंपणं तशी करतात. पण रेलिंगमधलं एखादंच पॅनल वेगळं करता येत नाही. कर्टन वॉलमध्ये, म्हणजे पॅनलांच्या चौकटींची भिंत करायच्या टूलमध्ये, एकाची पिन काढली की तेवढंच बदलता येतं. गॅलरीत एखादं उघडणारं पॅनल लागणारच, धुण्याला नाहीतर एसीच्या युनिटला. म्हणून माझं मत कर्टन वॉलला.

तिसरं_वर्ष (मंगळवार, रात्री १०.५५)

स्केचअपमध्ये मी पॅनलचा कंपोनंट करून आठ कॉपी मारतो. फाइल लहान राहते पण फिरवताना तरी लॅग होतं. का?

कोयनाकाठ (मंगळवार, रात्री ११.१०)

कंपोनंटमुळं फाइल हलकी होते, पडद्यावर मात्र सगळी तोंडं काढावीच लागतात. टी_स्क्वेअरची जाळी घ्या. पॅनलमध्ये ११ बाय २६ म्हणजे २८६ भोकं, आठ पॅनलची २२८८. स्केचअपचं वर्तुळ मुळात २४ बाजूंचं. नुसत्या भोकांच्या आतल्या कडांचीच ५४,९१२ तोंडं झाली. वर्तुळ काढताना '8s' टाइप केलंस तर १८,३०४ वर येतं आणि चार मीटर लांबून कुणाच्या बापाला फरक कळत नाही.

लेयर_झिरो (मंगळवार, रात्री ११.१८)

आणि ती आठ बाजूंची वर्तुळं चुकून लेझरवाल्याकडं पाठवली तर अष्टकोनी जाळी मिळेल. हसू नका, एका कामात झालंय. कापायची फाइल ऑटोकॅडमध्ये खऱ्या वर्तुळांची वेगळी करा. पाठवण्याआधी ओव्हरकिल मारा, एकावर एक बसलेल्या रेघा असतील तर मशीन तीच रेघ दोनदा कापतं आणि पैसेही दोनदा लागतात.

सूतभर (बुधवार, सकाळी ७.०५)

काकांनी शेवटी कॅडची वाट दाखवलीच.

पैशाचं निघालंच हाय तर ऐका. लेझरवाला कटिंगच्या लांबीवर पैसे लावतो आणि प्रत्येक भोकाला सुरुवातीचं छिद्र पाडायचं वेगळं. ६० च्या भोकाचा घेर १८८ मिमी. २८६ भोकं म्हणजे एका पॅनलला जवळपास ५४ मीटर कटिंग. तेच ८० चं भोक घ्या, मध्य ते मध्य १०६ च्या आसपास, तर १५२ भोकं आणि ३८ मीटर. उजेड जवळपास तेवढाच. लांबून दिसायलापण तसंच.

मिरजकर_परदेशी (बुधवार, सकाळी ८.३०)

८० म्हणजे चेंडूच्या नियमातही बसतं. पण पारव्यांचं काय?

पूररेषा (बुधवार, सकाळी ८.४१)

पारवा ८० मिमीमध्ये बायकोमुलांसकट राहायला येईल.

वाईचा_कातारी (बुधवार, सकाळी ११.२०)

मी एक विचारू का? जाळी कशासाठी हवीय? पश्चिमेचं ऊन अडवायला असेल तर पातळ पत्रा ते फारसं करत नाही. जुन्या दगडी जाळ्या चांगल्या जाड असायच्या, विजापूरला बघा. तिरकं ऊन त्या जाडीतच मरतं.

कोयनाकाठ (बुधवार, दुपारी १२.१०)

हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता आपण. ६० चं भोक ८० वर म्हणजे ४४ टक्के पत्रा उघडा. पत्रा ३ मिमी जाड, म्हणजे तेवढं ऊन जवळपास सरळ आत. याउलट १०० मिमीचं भोक आणि १०० मिमी जाडी असलेली सिमेंटची किंवा भाजक्या मातीची जाळी घेतली तर ४५ अंशांच्या वरचं ऊन पूर्ण अडतं. साताऱ्याला मे महिन्यात सूर्य साधारण साडेतीन-पावणेचारला ४५ अंशांवर येतो आणि तेव्हा तो जवळजवळ थेट पश्चिमेलाच असतो. त्यानंतरचं उतरतं ऊन कुठलीच जाळी पूर्ण अडवत नाही, त्याला उभे लूव्हर (पट्ट्या) तिरके करून लावावे लागतात.

आणि इथं मॉडेल खोलात जाऊन करण्याला अर्थ आहे. जाळी म्हणून नुसतं चित्र चिकटवलं किंवा शून्य जाडीची प्लेट ठेवली तर सन स्टडी, म्हणजे मॉडेलमधला ऊन-सावलीचा अभ्यास, खोटं बोलतो. सगळी भोकं नकोत, खरी जाडी असलेलं एक पॅनल आणि तेवढीच खोली पुरे.

लेयर_झिरो (बुधवार, दुपारी १२.३०)

हे मात्र माझ्या टूडीत नाही. लिहून ठेवतो.

टी_स्क्वेअर (शनिवार, रात्री १०.१५)

उशिरा लिहितेय, साइटवर होते.

जिना: स्लॅब आधीच पडलाय, दोन्ही पायऱ्या एका रेषेत. म्हणजे पहिला उपाय गेला. दुसरा केला, रेलिंग अर्धा ट्रेड लँडिंगवर घेतलं. ट्रेड ३०० चा, म्हणजे १५० मिमी. लँडिंग १२०० चं होतं, १०५० उरलं. सर आधी कुरकुरले, मग स्वतःच टेप घेऊन लँडिंगवर उभे राहिले आणि खांद्यावर सोफा असल्यासारखे दोनदा वळून बघितलं. म्हणाले, चालेल. वरच्या मजल्याचा जिना अजून बाकी आहे, तिथं एक घर मागं घेतलंय. मिस्त्रीला सांगायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, खाली पण मी विचारलं होतं. ड्रॉइंगप्रमाणं करा म्हणाला तुम्ही." मी काय बोलणार.

अजून एक सापडलं. माझं रेलिंगचं माप प्लॅनमधून घेतलेलं होतं. दहा ट्रेड, ३ मीटर. उतारावर ते ३.३५ भरतं. फॅब्रिकेटर रनिंग फुटावर दर लावतो आणि माझ्या एस्टिमेटमध्ये सरळ साडेदहा टक्के कमी धरलेलं. हे सरांना अजून सांगितलेलं नाही. सर हा धागा वाचत असतील तर नमस्कार.

जाळी: कोयनाकाठ म्हणाले तसं एक पॅनल खऱ्या जाडीचं करून सन स्टडी काढला. पत्र्याची जाळी असताना मेमध्ये दुपारी तीनलासुद्धा फरशीभर ठिपके ठिपके ऊन. क्लायंटला ते ठिपके आवडले! म्हणाले, काय छान दिसतंय. शेजारी त्यांच्या आई बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडं बघून विचारलं, "ही भोकं किती आहेत गं?" मी म्हटलं, दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. "आणि पुसणार कोण?"

तीन आठवड्यांत जे कुणाला जमलं नाही ते झालं. आता चार पॅनल भाजक्या मातीच्या जाळीची, चार ठिकाणी उभे लूव्हर. फाइल ७१ एमबी.

सूतभर (शनिवार, रात्री १०.२८)

म्हणजे आमची लेझरची ऑर्डर गेली. आईंना नमस्कार सांगा.

टी_स्क्वेअर (शनिवार, रात्री १०.३०)

लूव्हरची फ्रेम तर आहे की दादा. आणि वरच्या जिन्याचं रेलिंग. चार सुती, मधी पट्टीसकट. दर काय लावाल?

सूतभर (शनिवार, रात्री १०.३३)

दर इथं न्हाई. ड्रॉइंग घेऊन शेडवर या, चहा पाजतो. उतारावरचं माप घेऊन या म्हणजे झालं.

भडंगप्रेमी (शनिवार, रात्री १०.४०)

ताई, कुपवाडला निघालाच आहात तर परत जाताना सांगलीत थांबून दोन पुडे भडंग घ्या. या धाग्यात माझा सगळा साठा संपलाय.